बोटं मोडणाऱ्यांची बाजू

फुटबॉलच्या संघावर जीव असलेला माणूस मॅनेजरच्या नावानं ओरडायला लागला की घरातले शहाणे म्हणतात, "तुला काय कळतंय त्यातलं? तो काय खुळा म्हणून तिथं बसलाय?" हे वाक्य आपल्याला, बायकांना, चांगलंच ओळखीचं आहे. घराचा खर्च, मुलाचं कॉलेज, जागेचा व्यवहार, कशावरही बोललं की हेच ऐकायला मिळतं. म्हणून चाहत्यांच्या रागाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे. पण आपुलकी आहे म्हणून तो राग तपासायचाच नाही, असं थोडंच आहे? मॅनेजरनं कुणाला विकत घेतलं, कुणाला विकलं, कुणाला खेळवलं, कुणाला बाकावर बसवलं, यावर चाहते जी बोटं मोडतात त्यात खरं किती आणि आदळआपट किती, हे बघायला हवं.

उदाहरण घेते लंडनच्या आर्सेनल क्लबचं. कारण साधं आहे. माझा मुलगा शाळेत असल्यापासून त्या लाल शर्टाच्या नादी लागलेला. आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, त्यामुळे रात्री मॅच सुरू होते तेव्हा ओटा पुसून झालेला असतो आणि मीही येऊन बसते. शिवाय आता बेळगावात असले तरी माझं माहेर कोल्हापूरचं. तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, आणि हरल्यावर "ह्याला कशाला घेतला, त्याला का बसवला" म्हणून कट्ट्यावर चाललेला वाद हे लहानपणापासून कानावर आहे. लंडनमध्ये आकडे मोठे, भाषा वेगळी. वाद तोच.

ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिकडच्या क्लबात मॅनेजर म्हणजे नुसता शिकवणारा नव्हे. अकरा जण तोच निवडतो, आणि कुणाला विकत घ्यायचं यात त्याचा शब्द मोठा असतो. खरेदी-विक्रीला वर्षातून दोनच हंगाम, एक उन्हाळ्यात आणि एक जानेवारीत. तेवढ्यात बाजार उरकला नाही तर पुढचे महिने घरात आहे त्यावर भागवायचं.

आर्सेन वेंगर १९९६ साली आर्सेनलला आला. शिक्षणानं अर्थशास्त्राचा पदवीधर, आणि खरेदीत हात असा की बघत राहावं. पॅट्रिक व्हिएरा मिलानच्या बाकावर बसून होता, त्याला आणलं. थिएरी ऑन्रीचं युव्हेंटसमध्ये काही जमत नव्हतं, त्याला आणून पुढं खेळवलं. निकोलस अनेल्का सुमारे ५ लाख पौंडांना घेतला आणि दोन वर्षांनी सव्वादोन कोटींच्या आसपास विकला. २००३-०४ च्या हंगामात लीगचे ३८ सामने झाले, त्यात २६ जिंकले, १२ बरोबरीत सुटले, एकही हरला नाही. तेव्हा कुणी बोट मोडलं नाही.

मग क्लबनं नवं घर बांधायला काढलं. जुनं हायबरी मैदान ३८ हजारांचं, नवं एमिरेट्स ६० हजारांचं. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड. २००६ साली संघ नव्या घरात गेला आणि हात आखडला. घर बांधून झाल्यावरची पहिली काही वर्षं कशी जातात हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्या डेव्हिड डीननं वेंगरला क्लबात आणलं आणि बाजारातली बोलणी सांभाळली, तो २००७ साली बाहेर पडला. त्याच वर्षी ऑन्री बार्सेलोनाला गेला. २०११ साली फाब्रेगास आणि नासरी गेले आणि ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडनं ८-२ असं धुतलं. मग बाजार बंद व्हायच्या शेवटच्या दिवसांत धावपळ करून चार-पाच जण गोळा केले. पाहुणे दारात आल्यावर दुकानात मुलाला पिटाळावं, तसंच.

पुढच्या वर्षी कप्तान रॉबिन व्हॅन पर्सीच मँचेस्टर युनायटेडला विकला. करार संपत आला होता, फुकट जाण्यापेक्षा २ कोटी ४० लाख पौंड बरे, हा हिशेब कागदावर चुकलेला नव्हता. पण त्यानं तिथं २६ गोल मारले आणि युनायटेडला लीग मिळवून दिली. एप्रिल २०१३ मध्ये तो विजेता संघ एमिरेट्सवर आला तेव्हा रिवाजाप्रमाणे आर्सेनलच्या खेळाडूंना दोन रांगा करून टाळ्या वाजवाव्या लागल्या, आणि त्या रांगांमधून आपलाच जुना कप्तान चालत गेला. हे बघणाऱ्या चाहत्यानं हिशेब समजून घ्यावा अशी अपेक्षा कुणी करू नये.

तरी या वर्षांतल्या रागाबद्दल माझं मत असं, की पैशाच्या बाबतीत तो अर्धा अन्यायाचा होता. कर्ज क्लबचं, निर्णय संचालकांचा, आणि समोर दिसणारा माणूस एकच. घरात पैसा नसला की भाजी पातळ होते आणि बोलणी वाढणारीला खावी लागतात. वेंगरनं त्या दिवसांतही संघ पहिल्या चारांतून खाली येऊ दिला नाही. पहिले २० हंगाम ओळीनं पहिल्या चारांत, ही गंमत नव्हे.

निवडीच्या बाबतीत मात्र चाहत्यांचं म्हणणं तेव्हाही रास्त होतं. २००७ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात त्यानं चेल्सीसमोर पोरसवदा संघ उतरवला आणि २-१ नं हरला. २०११ च्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅमकडून शेवटच्या मिनिटांत गोलकीपर आणि बचावपटूच्या घोटाळ्यानं हरला, आणि ते बर्मिंगहॅम त्याच मोसमात खालच्या लीगमध्ये घसरलं. पोरांवर विश्वास टाकणं चांगलंच. पण संघात एक तरी वडीलधारं माणूस लागतं, व्हिएरासारखं, मधोमध उभं राहून घर सावरणारं. व्हिएराला २००५ मध्ये विकलं आणि ती जागा पुरती कधी भरलीच नाही. यासाठी कोटी लागत नाहीत, नजर लागते, आणि नजर तर त्याच्याकडे होती.

इथं एक गोष्ट मला खटकते. २००५ ते २०१४ अशी नऊ वर्षं "आर्सेनलला एकही कप नाही" असं चाहते आजही म्हणतात. त्याच क्लबच्या मुलींच्या संघानं २००७ साली युरोपचा कप जिंकला आणि त्या वर्षांत लीग तर कितीदा तरी जिंकली. मुलींनी घरात आणलेला कप मोजायचाच नाही, ही मोजदाद कुठली? माझ्या मुलाला हे मी विचारलं. तो म्हणाला, "आई, ते वेगळं." कसं वेगळं, ते अजून सांगायचंय त्यानं.

आता खरा मुद्दा. २०१३ पासून क्लबकडे पैसा येऊ लागला होता. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझसाठी आर्सेनलनं बोली लावली, ४ कोटी आणि वर १ पौंड. ४ कोटींच्या वर बोली गेली की लिव्हरपूलला त्याला सोडावं लागेल, अशी समजूत होती. आपण अहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतो तो शुभाचा, हा मात्र हसं करणारा ठरला. लिव्हरपूलनं साफ नकार दिला आणि सुआरेझनं पुढच्या हंगामात त्यांच्यासाठी लीगमध्ये ३१ गोल केले. शेवटच्या दिवशी ओझिलला ४ कोटी २५ लाखांना आणलं. खेळाडू देखणा, पण गरज होती गोल मारणाऱ्याची. तेल संपलंय आणि बाजारातून केशर आणलं, असा प्रकार.

आणि २०१५ च्या उन्हाळ्यात कहर झाला. गोलकीपर पीटर चेक सोडला तर पहिल्या संघात थेट उभा राहील असा एकही खेळाडू घेतला नाही. नेमकं त्याच उन्हाळ्यात लेस्टर नावाच्या लहान क्लबनं फ्रान्समधून एन्गोलो कांते आणला, ६० लाख पौंडांच्याही आत. मधोमध उभं राहून घर सावरणारा, अगदी आर्सेनलला दहा वर्षं हवा होता तसा. त्या हंगामात लेस्टर फक्त तीन सामने हरलं, आणि त्यातले दोन आर्सेनलकडून. तरी लीग लेस्टरनं जिंकली, ८१ गुणांनी. आर्सेनल ७१ गुणांवर दुसरं. ज्याला दोनदा हरवलं, त्याच्याच मागं दहा गुणांनी राहिलं! चेल्सी, मँचेस्टरवाले सगळे ढेपाळलेलं असं वर्ष पुन्हा कधी येणार होतं?

माझ्या मते वेंगरची चूक ही. अडचणीच्या दिवसांत केलेली काटकसर त्याच्या अंगात मुरली आणि दिवस पालटले तरी गेली नाही. अशी माणसं आपण सगळ्यांनी बघितलीत. कर्ज फिटलं, मुलं मिळवती झाली, तरी चिरका कुकर बदलायचा नाही, "चालतंय की अजून." त्यात दुष्टपणा नसतो. उलट ज्या गुणानं घर तरून गेलं तोच गुण असतो. पण त्या कुकरवर रोज ज्यांना जेवायचंय त्यांना बोलायचा हक्क आहे. चौथा क्रमांक हाही एक चषकच, अशा अर्थाचं वेंगर बोलू लागला, तेव्हा चाहते खवळले ते बरोबरच होतं. ज्यांच्या तिकिटाचे दर इंग्लंडातल्या सगळ्यात महाग दरांत मोजले जातात, त्यांना "भागतंय ना?" असं विचारू नये.

मग बोटं मोडणाऱ्यांचं चुकलं कुठं? सुरात. २००८ साली जे ओरडत होते तेच, तेवढ्याच मोठ्यानं, २०१६ साली ओरडत होते. अडचणीच्या वर्षीही "खर्च करा" आणि भरल्या वर्षीही "खर्च करा." रोज भांडणाऱ्याचं खरं गाऱ्हाणंही कुणी ऐकत नाही, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुणालाही विचारा. २०१७ च्या मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविच इथं सामना चालू असताना मैदानावरून विमान गेलं, मागं फलक, वेंगरला नवा करार नको म्हणून. थोड्या वेळानं दुसरं विमान, त्याच्या बाजूचा फलक घेऊन. एका घरातली भाऊबंदकी आभाळात गेली. त्याच महिन्यात बायर्न म्युनिककडून दोन सामन्यांत मिळून १०-२ असा पराभव झालेला. तो संघ का हरला, मधली फळी का फाटते, यावर बोलायचं सोडून सगळं बोलणं "राहा" आणि "जा" या दोन शब्दांत आलं. मालकावर, संचालकांवर नजर जायला हवी होती, तिथं ती फार थोड्यांची गेली.

दुसरी खोड म्हणजे वस्तू वापरण्याआधीच नावं ठेवायची. वेंगर गेल्यावरचं उदाहरण बघा. २०२१ मध्ये मिकेल आर्टेटानं गोलकीपर ॲरन रॅम्सडेल घेतला. आधीच्या दोन्ही वर्षी हा ज्या संघात होता ते संघ खालच्या लीगमध्ये घसरले होते, त्यामुळे "अपशकुनी घेतला" असा गलका झाला. काही महिन्यांत तोच लाडका झाला. २०२३ मध्ये आर्टेटानं डेव्हिड राया आणून रॅम्सडेलला बाकावर बसवलं, तर आधी नको म्हणणारेच आता त्याच्यासाठी भांडायला लागले. त्या हंगामात रायानं १६ सामन्यांत गोल होऊ दिला नाही आणि लीगमधला सर्वांत जास्त वेळा गोल न खाणारा गोलकीपर ठरला. सून बदलली की आधीची गुणी वाटायला लागते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून माझा निवाडा अर्धा-अर्धा नाही, वर्षवार आहे. २००६ ते २०१२ मधल्या खरेदीबद्दलचा राग बराचसा चुकीच्या माणसावर होता. २०१३ नंतरचा राग योग्य माणसावर आणि योग्य कारणासाठी होता. मधली जागा भरली नाही ही तक्रार मात्र दोन्ही काळांत खरी होती, आणि नेमकी तीच सगळ्यात कमी आवाजात केली गेली.

६ मे २०१८ ला वेंगर घरच्या मैदानावर शेवटचा उभा राहिला. संघानं बर्नलीला ५-० हरवलं आणि मोसमभर अर्धवट रिकामं दिसणारं मैदान त्या दिवशी भरून उभं होतं. २०२३ मध्ये त्याचा पुतळाही तिथं बसला. काटकसर करून ज्यानं ते घर फेडलं त्याचा मान त्या घराच्या दारात असणं योग्यच. पण त्या मानासाठी २०१५ चा उन्हाळा विसरायची गरज नाही.

माझ्या मुलाला मी आता एवढंच सांगते. आर्टेटावर चिडायचं तर चीड, पण तीन गोष्टी सांग: कुठली जागा रिकामी आहे, ती भरायला कोण मिळण्यासारखा होता, आणि तेव्हा क्लबकडे पैसा होता का. तिन्हींची उत्तरं असली तर खुशाल ओरड, मी चहा ठेवते. आणि त्यानंतर कुणी "तुला काय कळतंय" म्हणालं, तर ऐकून घेऊ नकोस. आम्ही पुष्कळ वर्षं ऐकून घेतलंय.