देवनागरी संकेतावली : आजची गरज आणि उद्याची सोय

संगणकावरील मराठी लेखन ज्या संकेतावलीवर उभे आहे, तिची चिकित्सा भाषाभ्यासकांनी फारशी केलेली नाही. हे आज्ञावली रचणाऱ्यांचे काम, असे समजून आपण स्वस्थ बसलो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले; त्याच्या १९८८ च्या रूपावरून युनिकोडमधील देवनागरीचा तक्ता सिद्ध झाला. मूळ कल्पना भव्य होती. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकच तक्ता असावा आणि एका लिपीतील मजकूर केव्हाही दुसरीत पालटता यावा! या भावी लिप्यंतरासाठी ऩ, ऴ अशा वर्णांस देवनागरीत जागा मिळाली. मराठी माणूस नित्य लिहितो त्या ‘ॲ’ला मात्र ती मिळाली नाही. तक्त्यात होता तो हिंदी वळणाचा ‘ऍ’. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक लाभावयास २००८ साल उजाडले.

मधल्या काळात लोक थांबले नाहीत. कोणी ‘ऍ’वर भागविले, कोणी ‘अ’वर चंद्र चढविला. पुसद परिसरातील बोलीचे जे नमुने आमच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे टिपले, त्यांत ‘ॲडमिशन’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या संकेतांनी नोंदला गेला आहे. त्यांपैकी दोन तर डोळ्यांस सारखेच दिसतात. एक शोधावा तर उरलेले दोन हाती लागत नाहीत, आणि शब्दांची वारंवारता मोजणारा विद्यार्थी नकळत चुकीचे निष्कर्ष काढतो.

येथे ‘ऱ’चे उदाहरण पुढे केले जाईल. द्राविडी ध्वनीसाठी ठेवलेला हा वर्ण ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद दाखविण्यास मराठीच्या उपयोगी पडला, हे खरे. पण त्यास दूरदृष्टी म्हणवत नाही. तो भेद मराठी मुद्रणात आधीपासूनच होता; मराठीची गरज विचारात घेतली असती, तर तो उसन्या वर्णावर विसंबला नसता.

नुकताच बोलीकोशाच्या एका नव्या प्रणालीचा आराखडा वाचनात आला. भारतातील यच्चयावत बोलींसाठी त्यात रकाने योजिले आहेत; अद्याप कोणी न टिपलेल्या सुरावटींसाठीही. जुन्या टिपणांतील ‘ॲ’ची तीन रूपे एक करण्याची सोय मात्र त्यात कोठेही आढळली नाही.