कृपया हात लावावा

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला ‘कायमस्वरूपी’ या शब्दाचा अर्थ नीट कळतो. मी टेंपररी होतो तेव्हा स्टुलावर चढून जुनी लेजरं काढत असे, साहेबांच्या केबिनचा पंखा अडला तर काठीने ढकलून सुरू करत असे आणि गिऱ्हाइकाशी हसून बोलत असे. पर्मनंटची ऑर्डर हाती पडली आणि एका दिवसात ही तिन्ही कामं थांबली. तेव्हा एका विज्ञान केंद्राच्या दारात ‘स्वतः करून पाहण्याची कायमस्वरूपी दालने’ अशी पाटी वाचली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

केंद्राचं नाव सांगत नाही. सगळ्या शाखांचा कारभार थोड्याफार फरकाने सारखाच असतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, कॉमर्सच्या माणसाला विज्ञानाच्या दालनावर टीका करण्याचा काय अधिकार? तर तो असा. आमच्या शाळेत विज्ञानाचं एक काचेचं कपाट होतं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. आत एक लोलक, एक होकायंत्र, दोन चुंबकं आणि एक मानवी सांगाडा. सांगाड्याचा फक्त वरचा भाग होता, खालचा पुढच्या अनुदानात येणार होता. कपाटावर पाटी : ‘हात लावू नये.’ मी पाचवी ते दहावी तो लोलक काचेतून पाहिला. प्रकाशाचे सात रंग होतात हे मी सात वेळा लिहिलं आणि सातही वेळा पूर्ण मार्क मिळवले. रंग मात्र एकदाही पाहिले नाहीत. पुढे अकरावीचा फॉर्म भरताना वडील म्हणाले, ‘‘सायन्सला प्रॅक्टिकल असतं, तुला झेपायचं नाही. तुझ्या हातून कपबशीसुद्धा टिकत नाही.’’ झालं, मी कॉमर्सला गेलो. तिथे हाताने करायचं एकच काम होतं, बेरीज. यंदा मुलगी दहावीला आहे आणि परवा मीच तिला ‘‘हात लावू नकोस, फुटेल’’ असं म्हटलं. म्हटल्यावर स्वतःच दचकलो. म्हणून तिला घेऊन गेलो.

दालनात शिरलो तर सगळीकडे बटणं. लाल बटण दाबलं की दिवा लागायचा, हिरवं दाबलं की चक्र फिरायचं, पिवळं दाबलं की एक बाई हिंदीतून बोलू लागायची. घरी बटण दाबलं तरी दिवा लागतोच. फरक इतकाच, की घरी त्याचं बिल येतं. दहांतल्या चार यंत्रांवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असं प्लॅस्टिकमध्ये मढवलेलं कार्ड होतं आणि अख्ख्या दालनात तेवढीच वस्तू नवीकोरी होती. आमच्या शाखेत पासबुक छापण्याचं यंत्र आहे, त्याच्यावरही असंच कार्ड असतं. परवा यंत्र सुरू झालं तर एक आजोबा कार्ड शोधत आले. म्हणाले, ‘‘साहेब, चालू आहे असं कुठे लिहिलंय?’’

एका सहलीची पोरं सुटली होती. दर बटणाला एक थाप आणि पुढचं बटण! शंभर बटणं त्यांनी वीस मिनिटांत उरकली. काय दिसलं म्हणून एकाला विचारलं तर म्हणाला, ‘‘काका, ते तिसरं जाम आहे.’’ मला ते उत्तर पटलं. सबंध दालनात त्या तिसऱ्या बटणानेच त्याला क्षणभर विचार करायला लावलं होतं.

माझी तक्रार बंद यंत्रांबद्दल नाही. रोज हजार हात लागल्यावर वस्तू मोडणारच. बँकेतलं दोरीला बांधलेलं पेन पाहा, आपल्या देशातलं हे सर्वांत जुनं ‘स्वतः करून पाहा’ दालन! त्याचं टोपण गेलेलं असतं, शाई गेलेली असते, कधीकधी पेनही गेलेलं असतं आणि दोरी तेवढी सेवेत असते. जिथे वर्षभर काहीच मोडत नाही तिथे कोणी हात लावत नाही, असं खुशाल समजावं. तक्रार आहे ती बटणाबद्दल. बटणाला चुकीचं उत्तर देता येत नाही. ते चालतं किंवा चालत नाही. आपण शहाणे की मूर्ख, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हाताने करायचं म्हणजे हाताला चुकण्याची सोय हवी.

ती सोय मला कोपऱ्यातल्या फिरत्या स्टुलावर सापडली. दोन्ही हातांत वजनं घेऊन हात पसरून बसायचं, कोणीतरी गिरकी द्यायची, मग हात छातीशी घ्यायचे. शेजारच्या पाटीवर ‘कोनीय संवेगाची अक्षय्यता’ असं लिहिलं होतं. ‘अक्षय्य’ म्हटल्यावर मला आधी सोन्याचा भाव आठवला. मुलीने गिरकी दिली, मी हात जवळ घेतले आणि काय सांगू! कोणी ढकलत नाही, बटण नाही, वीज नाही आणि मी आपला भोवऱ्यासारखा फिरतोय. चष्मा एकीकडे, चप्पल दुसरीकडे. हात पसरले की वेग कमी, मिटले की जास्त. चार वेळा केलं. पाचव्यांदा रखवालदार म्हणाला, ‘‘काका, उतरा. मागे लहान मुलं आहेत.’’ वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला विज्ञानातली एक गोष्ट पाठांतराशिवाय कळली होती आणि उतरताना पायऱ्या तीन दिसत होत्या.

ही स्वतः करून पाहण्याची कल्पना साऱ्या जगात रुजवली ती फ्रँक ओपेनहायमर या गृहस्थांनी. अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरांचे हे धाकटे भाऊ. राजकारणापायी 1949 साली विद्यापीठातली नोकरी गेली, तेव्हा ते कोलोरॅडोत गुरं पाळू लागले. मग गावच्या शाळेत शिकवलं आणि 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्स्प्लोरेटोरियम’ उघडलं. थोरल्याने केलं ते कोणी पुन्हा करून पाहू नये आणि धाकट्याने केलं ते सगळ्यांनी करून पाहावं, अशी ही जोडी! त्यांच्या संस्थेने आपल्या यंत्रांच्या कृती चक्क ‘कुकबुक’ या नावाने छापल्या आणि जगाला वाटल्या. आमच्याकडच्या अनेक केंद्रांनी ती ‘रुचिरा’ वाचली असावी. पण मीठ चवीपुरतं म्हटल्यावर ते घालायचंच राहून गेलं.

सरसकट नावं ठेवणं मात्र अन्याय होईल. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची बाग 1979 साली उघडली, मुख्य इमारत 1985 साली. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी मुंबईकरांनी विज्ञानाला पहिला हात तिथे लावला. अशा बागांतून समोरासमोर दोन मोठ्या तबकड्या असतात. एकीच्या केंद्रापाशी कुजबुजलं की दूरच्या दुसरीपाशी ते कानात सांगितल्यासारखं ऐकू येतं. मी आमच्या सौ.ला पलीकडे उभं करून, वीस वर्षांत तोंडासमोर न बोललेलं एक वाक्य कुजबुजलो. तिने ते अक्षरशः ऐकलं. विज्ञान खरं असतं, एवढंच याबाबत सांगतो.

आणि पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, कारण ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली. नाव सप्तर्षींतल्या ताऱ्याचं, पण त्यात ‘पुल’ आहेतच. तिथे अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती उभी केली. त्या खेळण्याची गंमत अशी, की ते मोडलं तर दुरुस्तीचं कार्ड लावावं लागत नाही. पोर दुसरी काडी घेतं. कायमस्वरूपी म्हणून तिथे काही नाहीच. मला हे पटायला जड गेलं. मी स्वतः कायमस्वरूपी आहे.

परत आलो. आम्ही राहतो हर्सूलला. छत्रपती संभाजीनगरात, जुन्या पासबुकावर औरंगाबाद आहे, दोन्ही चालतं. इथला तुरुंग आणि तलाव बाहेरच्यांना माहीत असतो. पण पाणचक्कीचं पाणी पूर्वी या हर्सूलच्याच बाजूने मातीच्या नळांतून मैलोन्‌मैल नेलं होतं, हे इथल्यांनाही आठवून द्यावं लागतं. जुन्या काळातली ही करामत. जमिनीखालून आलेलं पाणी तिथे उंच भिंतीत आपोआप वर चढायचं आणि खाली पडताना जात्याचं चाक फिरवायचं. पंप नाही, बटण नाही. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात आलेल्या फकिरांना आणि यात्रेकरूंना त्या पिठाची भाकरी मिळायची. म्हणजे दालन पाहणाऱ्याचं पोटही भरायचं! ही सोय मी अजून कुठल्या विज्ञान केंद्रात पाहिली नाही.

‘‘पण बाबा, पाणी वर कसं चढतं?’’ मुलीने विचारलं.

मी ‘‘दाब’’ म्हणालो. कॉमर्सवाल्याला हा शब्द ऑडिटमुळे ठाऊक असतो. तेवढ्याने तिचं समाधान होईना. योगायोगाने शेजारी गवंड्याचं काम चालू होतं. त्याच्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली, पाणी भरलं आणि गच्चीवर एक टोक तिने धरलं, एक मी. ती टोक वर नेई, पाणी मागे राही. खाली आणी, पाणी काठाशी येई. आणखी खाली आणलं की माझी विजार भिजे. दोन्हीकडची पातळी काही केल्या सारखीच. ‘‘म्हणजे हर्सूल उंचावर आहे!’’ ती एकदम ओरडली. मला हे बावीस वर्षांच्या वास्तव्यात कळलं नव्हतं. सायकलवरून बँकेत जाताना सोपं आणि येताना दम लागतो, एवढंच कळलं होतं.

गच्चीच्या दारात सौ. उभी होती. नळाला पाणी येण्याचा दिवस होता.

‘‘अहो, पाणी कुठे चढतं ते कळलं असेल, तर ती नळी इकडे आणा. खालचा ड्रम भरलाय आणि वरचा रिकामा आहे.’’

मुलगी म्हणाली, ‘‘आई, असं नाही चढायचं. आपण पाण्याच्या खाली पाहिजे.’’

‘‘मग बादल्या घ्या दोघं,’’ सौ. म्हणाली.