साखर सोडली की कॅन्सर उपाशी मरतो?

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंचा व्हिडिओ ढाणकीतल्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडला. पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाला तो साखर-दूध बंद करून आणि हळद, कडुनिंब, लिंबू घेऊन, असा त्याचा सूर. त्यानंतर काकूंचा फोन आला. त्यांची केमो चालू होती. "तू त कॅन्सरवरच शिकतो ना? मी दूध अन् साखर सोडली. बरोबर केलं ना?"

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी यावर लगेच पत्रक काढलं. या दाव्यांना भक्कम पुरावा नाही, उपचार लांबवू नका, असं त्यात होतं. पत्रक बरोबर होतं आणि गरजेचंही. पण मला ते अपुरं वाटलं. "पुरावा नाही" ऐकून काकू म्हणाल्या, "नसंल आज, उद्या भेटंल. सोडून नुकसान तर नाही ना?" नुकसान आहे, आणि ते का, हे समजावून सांगायला हवं होतं.

मुळात हा दावा हवेतून आलेला नाही. १९२० च्या दशकात जर्मनीत ऑटो वारबुर्ग यांनी दाखवलं की कॅन्सरच्या पेशी भराभर ग्लुकोज ओढतात आणि ऑक्सिजन असूनही त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. एका ग्लुकोजपासून तीसेक एटीपी मिळू शकतात, तिथे या वाटेने फक्त दोन. मग असा तोट्याचा धंदा का? कारण वाढणाऱ्या पेशीला नुसतं इंधन पुरत नाही, नवी पेशी बांधायला माल लागतो. ग्लुकोजचा काही कार्बन डीएनए आणि चरबीच्या बांधकामात जातो. पेट स्कॅन याच सवयीवर चालतो: किरणोत्सारी ग्लुकोज टोचलं की गाठ चमकते. ते चित्र पाहून "साखर तोडा" असं कोणालाही वाटेल.

चूक पुढच्या पायरीवर होते. तुम्ही चहातली साखर सोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. मेंदूला ते लागतंच, म्हणून यकृत ते बनवत राहतं. खाणं कमी पडलं तर स्नायू मोडून त्यांतल्या अमिनो आम्लांपासून बनवतं. दुसरं म्हणजे कॅन्सरच्या पेशी एकाच ताटात जेवत नाहीत. ग्लुटामिन आणि चरबीही वापरतात. म्हणजे उपाशी आधी माणूस पडतो. केमोत वजन आणि ताकद घटली तर पुढचा डोस सोसत नाही, कधी तो पुढे ढकलावा लागतो.

मग पेशीचं अन्न तोडून उपचार होतच नाही का? होतो की! मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये अ‍ॅस्पॅराजिनेज हे औषध रक्तातलं अ‍ॅस्पॅराजिन नावाचं एक अमिनो आम्ल संपवतं. निरोगी पेशी ते स्वतः बनवतात, त्या ल्युकेमियाच्या पेशींना पुरेसं बनवता येत नाही. मेथोट्रेक्झेट पेशीला फोलेट वापरू देत नाही, त्यामुळे डीएनए बनणं अडतं. नेमकं काय तोडायचं हे शोधून मगच ही औषधं आली. स्वयंपाकघरातला डबा बंद करून एवढी नेमकी निवड करता येत नाही.

हेही प्रामाणिकपणे सांगतो: जास्त साखरेने वजन वाढतं आणि लठ्ठपणाने काही कॅन्सरचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर पथ्य पाळायलाच हवं. पण धोका कमी करणं वेगळं आणि झालेला कॅन्सर बरा करणं वेगळं. व्हिडिओत याची सरमिसळ होती, आणि पत्रकाने ती सोडवली नाही.

काकूंना मी एवढंच म्हणालो: डॉक्टरांनी मना केलं नसेल तर दूध प्या, वरण, अंडी खा, दर आठवड्याला वजन बघा. अन् केमोची तारीख चुकवू नका. त्यांनी विचारलं, "अन् चहात साखर?" म्हटलं, चमचाभर घाला.