रेणुकोशांतील शोध : लाल विंचवाच्या निमित्ताने

पेशींवरील ग्राहींना, म्हणजे ज्यांना वैद्यकात रिसेप्टर म्हणतात त्यांना, कोणते रेणू चेतवितात व कोणते अडवितात, याची नोंद ठेवणारे डेटाबेस हे आता औषधशास्त्राचे शब्दकोशच झाले आहेत. 'चेंबल', 'बाइंडिंगडीबी' आणि 'गाइड टू फार्माकॉलॉजी' ही त्यांतील प्रमुख नावे. कोश म्हटला की त्याचे परीक्षण कोशाच्याच कसोट्यांनी व्हावयास हवे. शब्द सापडतो काय, अर्थ नेमका दिला आहे काय, आणि प्रयोग कळतो काय?

उदाहरण आपल्याच मुलखातील घेऊ. कशेडी घाटाच्या उत्तरेस पोलादपूर-महाडच्या पट्ट्यात लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकदा प्राणघातक ठरे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांची लक्षणे बारकाईने नोंदविली व १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. पुढे रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन त्यांनी दंशावर वापरले. त्याचा वृत्तान्त १९८६ साली त्याच नियतकालिकात आला.

आता हा संबंध कोशातून सापडतो काय, ते पाहावे. पहिली अडचण नावाची. हाच विंचू जुन्या लेखनात 'ब्युथस', नंतर 'मेसोब्युथस' व आता 'हॉटेन्टोटा' या कुलनामाने येतो. एकाच नावाने शोधणारा अर्धी सामग्री गमावतो. नाव जुळले तरी हाती लागते ते त्याच्या विषातील आयबेरिओटॉक्सिन, पोटॅशियमचा आयनमार्ग अडविणारे. तेथून प्राझोसिनकडे वाट नाही. उलट प्राझोसिनपासून आरंभ केला तर आल्फा-१ ग्राही व रक्तदाब भेटतात. विंचू कोठेच नाही.

याचे कारण असे की, विष आल्फा-१ ग्राहीस स्पर्शही करीत नाही. ते मज्जातंतूंचे आयनमार्ग बिघडविते. तंतू उत्तेजित होऊन नॉरअ‍ॅड्रिनॅलिन व अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात लोटले जाते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर भार येतो, फुप्फुसात पाणी भरते. ग्राहीचा चेतक येथे रुग्णाच्याच शरीरातला आहे. तेव्हा शोधकाने विषाच्या नावापासून नव्हे, तर लक्षणांवरून ओळखलेल्या ग्राहीपासून निघावे. आल्फा-१ ग्राहीच्या पानावर त्यास अडविणाऱ्या रेणूंची यादी एका दृष्टिक्षेपात मिळते, आणि येथे हे कोश खरोखर उपयोगी पडतात.

मात्र त्या यादीतील आकड्यांनी भुलू नये. बंधनाचा आकडा रेणू ग्राहीस किती घट्ट चिकटतो एवढेच सांगतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनही चिकटते, प्राझोसिनही चिकटते. एकाने रुग्ण दगावतो, दुसऱ्याने वाचतो. केवळ बंधनमूल्यांची नोंद ही कर्ता व कर्म देऊन क्रियापद गाळलेल्या वाक्यासारखी आहे. 'गाइड'मध्ये तज्ज्ञ समित्यांच्या देखरेखीखाली क्रियेचा प्रकारही नोंदलेला असतो. म्हणून आरंभ तेथे करावा व विस्तारासाठी 'चेंबल'कडे वळावे, असे आमचे मत आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांची कुचंबणा याहून वेगळी. 'चेंबल' ग्राहीचा विरोधक, आयनमार्गाचा रोधक व विकराचा निरोधक यांना वेगळ्या संज्ञा देते. आपण तिघांनाही सर्रास 'अवरोधक' म्हणतो. त्यामुळे आयबेरिओटॉक्सिन आणि प्राझोसिन, एक विषातले व दुसरे औषध, एकाच शब्दाखाली येतात. 'चेतक', 'प्रतिचेतक' व 'मार्गरोधक' अशी विभागणी करावी, असे सुचवावेसे वाटते. काही प्रयोगांत प्राझोसिन ग्राहीची मूळची मंद क्रियाही घटविते असे दिसले आहे. त्या गुणास 'विपरीत चेतक' हे चौथे नाव लागेल. ('ग्राहक' हा पर्याय मात्र नको, तो शब्द दुकानदारांनी केव्हाच नेला आहे.)

शेवटी कोशाच्या कक्षेबाहेरचे. प्रतिविष ग्राहीस नव्हे, विषासच बांधते. म्हणून ग्राहीच्या पानावर ते असणारच नाही. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या बावस्करांच्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८.