दोहातली दोन ऑफिसं

मे २०२५ मधली ती रात्र आठवते? आपल्या काही चॅनेल्सनी कराची बंदर पार उद्ध्वस्त करून टाकलं होतं. मी फोन हातात धरून पहाटेपर्यंत जागा. उजाडल्यावर कळलं, बंदर जागच्या जागी आहे. त्यानंतर काही दिवसांनी मी ‘कंट्रोल रूम’ पुन्हा पाहिली.

जेहान नुजैम यांची ही डॉक्युमेंटरी २००४ ची. विषय २००३ चं इराक युद्ध, पण कॅमेरा बहुतेक वेळ कतारमधल्या दोहा शहरात. तिथे ‘अल जझीरा’ची न्यूजरूम, आणि तिथेच अमेरिकी सेंट्रल कमांडचं मीडिया सेंटर. एका ब्रीफिंगमध्ये पत्त्यांचा कॅट येतो: सद्दामच्या राजवटीतले ‘वाँटेड’ ५५ चेहरे. पत्रकार पत्ते मागतात, ते मिळत नाहीत, सगळे वैतागतात. युद्ध बाजूला, चर्चा पत्त्यांची! हसू येतं, आणि मग येत नाही.

या सिनेमाचा जीव मात्र जॉश रशिंग या तरुण मरीन अधिकाऱ्यात आहे. याचं काम अमेरिकेची बाजू मांडणं. अल जझीराने मेलेले अमेरिकी सैनिक दाखवले तेव्हा त्याला मळमळलं. मग त्याच्या लक्षात आलं, की आदल्या रात्री त्याच चॅनेलवर मेलेले इराकी पाहून आपलं काहीच बिघडलं नव्हतं. हे तो कॅमेऱ्यासमोर सांगतो, अडखळत. मला इथे थांबावं लागलं. कराचीच्या त्या रात्री मला गोदीतली माणसं एकदाही आठवली नव्हती.

माझी तक्रार वेगळी आहे. अल जझीरा १९९६ मध्ये कतारच्या अमीराच्या पैशांवर उभी राहिली. तेच कतार अमेरिकी कमांडलाही जागा देतं. एवढासा देश दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे, आणि त्यातून त्याला काय मिळतं, हे नुजैम विचारतच नाहीत. न्यूजरूममधली माणसं त्यांना फार आवडली आहेत, हे दिसतं. (मलाही आवडली. सीनियर प्रोड्यूसर समीर खादर तर सरळ सांगतो, फॉक्समध्ये नोकरी मिळाली तर जाईन.) पण अरब जगाच्या या धीट चॅनेलने स्वतःच्या यजमानाबद्दल किती धीटपणा दाखवला असता? हा प्रश्न सिनेमाच्या दारातच उभा राहतो.

तरीही ८ एप्रिलचा भाग आला की वाद घालावासा वाटत नाही. अल जझीराने आपल्या बगदाद ऑफिसचा ठावठिकाणा अमेरिकेला आधीच कळवला होता. त्या सकाळी अमेरिकी विमानाचा मारा तिथेच झाला आणि वार्ताहर तारिक अय्यूब गेला. त्याच दिवशी पॅलेस्टाइन हॉटेलवर रणगाड्याचा गोळा पडून आणखी दोन कॅमेरामन मेले. मुद्दाम केलं नाही, असं अमेरिकेने सांगितलं.

नंतर तारिकची बायको पत्रकारांशी बोलते. खरं काय ते सांगा, एवढंच तिचं मागणं. खोलीभर बोलणारी माणसं बसलेली आहेत, आणि कुणाला काही बोलता येत नाही.