‘मुक्त’ उंदीर आणि मेंदूचे ‘वाचन’ : तीन शब्दांची तपासणी

उंदराच्या डोक्यावर बसणारा आणि त्याच्याबरोबर हिंडणारा सूक्ष्मदर्शक हे मेंदूविज्ञानाचे अलीकडचे एक महत्त्वाचे साधन होय. त्याविषयी शिकवताना तीन शब्द सहज तोंडी येतात : प्राणी ‘मुक्त’ असतो, मेंदू ‘दिसतो’ आणि आठवण ‘वाचता येते’. हे शब्द कितपत खरे आहेत, हे तपासणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

पूर्वी पेशींचे कार्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तर प्राण्याचे डोके जखडून ठेवावे लागे. जखडलेला उंदीर मोकळेपणाने वाट शोधू शकत नाही की पळू शकत नाही. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील कुणाल घोष, मार्क श्नित्झर आणि सहकाऱ्यांनी अवघ्या १.९ ग्रॅम वजनाचा सूक्ष्मदर्शक सादर केला व ही अडचण बरीच दूर झाली. जेलीफिशच्या हिरव्या प्रकाशमान प्रथिनापासून घडवलेले एक प्रथिन अशा प्रयोगांत मेंदूच्या पेशींत निर्माण करतात. पेशी उद्दीपित झाली की तिच्यातील कॅल्शियम वाढते, निळ्या प्रकाशात प्रथिन अधिक चमकते आणि ती चमक कॅमेरा टिपतो.

प्रथम ‘मुक्त’ हा शब्द घेऊ. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला दोन ग्रॅम म्हणजे अंगाच्या बाराव्या हिश्श्याएवढे ओझे. बहुधा डोक्याला तारही जोडलेली असते. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस खोल असल्याने तिथवर पाहण्यासाठी वरच्या मेंदूचा काही भाग काढावा लागतो. असा प्राणी हालचालीस मोकळा असतो. त्याला मुक्त म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

‘दिसतो’ या शब्दाबाबत बुऱ्हाणपूरच्या वाचकाला दूर जायला नको. खानखानांच्या काळातील कुंडी भंडाऱ्याच्या एका कुंडीतून वाकून पाहिले तर खाली वाहते पाणी दिसते. ते सातपुड्यातून कसे झिरपत आले, हे दिसत नाही. उंदराच्या मेंदूत सुमारे सात कोटी चेतापेशी असतात. भिंगाखाली त्यांतील काहीशे, फार तर हजारभर येतात. शिवाय कॅल्शियमची चमक विद्युत् संदेशापेक्षा मंद असते. दिसते ती संदेशाची खूण, प्रत्यक्ष संदेश नव्हे.

‘वाचणे’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. २०१३ साली यानिव झिव, श्नित्झर आणि सहकाऱ्यांनी ओळखीच्या मार्गावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसचे ४५ दिवस निरीक्षण प्रसिद्ध केले. कोणत्याही दोन दिवसांत जागा दर्शवणाऱ्या पेशींपैकी केवळ १५ ते २५ टक्के सामाईक निघाल्या. तरी तेवढ्यांवरून उंदीर कोठे आहे हे ठरवता आले. म्हणजे वाचले गेले ते उंदराचे ठिकाण, जे साध्या कॅमेऱ्यालाही दिसत होते. उंदराचे मन वाचले गेले नाही.

या प्रयोगाने आपल्या भाषेलाही प्रश्न विचारला आहे. मराठीत आठवणी ‘साठवतात’. उर्दूतील ‘हाफिजा’ शब्दाच्या मुळाशी ‘हिफ्ज’, म्हणजे जपणे, आहे. दोन्हींत कोठाराची कल्पना डोकावते. पण पेशींचा संच दिवसागणिक बदलत असेल तर कोठाराची उपमा अपुरी पडते. हिफ्ज केलेला विद्यार्थी रोज दौर का करतो, याचे उत्तर उंदराच्या प्रयोगातून थेट काढता येणार नाही. मात्र पाठांतर म्हणजे एकदा भरून ठेवलेली पेटी, हा समज शिक्षकाने सोडायला हरकत नाही.

साधनाचे श्रेय यामुळे उणे होत नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाचे आराखडे सर्वांसाठी खुले केले, ही गोष्ट विशेष स्वागतार्ह आहे. प्रकाशशास्त्राचा पाया घालणाऱ्या इब्न अल-हैसम यांनी टॉलेमीवरील शंकांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. आदर आणि शंका एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसते. वर्गात हा विषय निघाल्यास काय दिसले, किती दिसले आणि कशातून दिसले, या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यांना सांगितल्या जाव्यात, एवढीच अपेक्षा.