रेसिपीच्या वरचा तो एक परिच्छेद

ब्राझीलच्या 'पाँव दे केइजू'ची, म्हणजे चीजच्या छोट्या गोल पावाची रेसिपी शोधा. साहित्य आणि कृतीच्या आधी बहुतेक वेळा एक परिच्छेद असतो. त्यात साधारण असं म्हटलेलं असतं: अठराव्या शतकात मिनास जेराइस भागात गहू मिळत नव्हता, म्हणून तिथल्या गुलाम स्वयंपाकिणींनी कसाव्याच्या स्टार्चपासून हा पाव शोधून काढला. पुढे त्यात चीज आलं.

पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनो, आज या परिच्छेदाची समीक्षा करूया. पेपरच्या इंट्रोडक्शनची करतो, अगदी तशी. रेसिपीमध्ये दोन प्रकारची विधानं असतात आणि दोन्ही तपासायची रीत वेगळी असते.

आधी कृती बघा. अर्धा किलो आंबट स्टार्च, उकळतं दूध आणि तेल, दोन अंडी, पाव किलो किसलेलं चीज, मीठ. गोळे करून गरम ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. यात यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, ग्लुटेनसुद्धा नाही. मग हा फुगतो कसा? कसाव्याचा स्टार्च काही आठवडे पाण्याखाली आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. आंबताना तयार होणारं लॅक्टिक आम्ल आणि उन्हातले अतिनील किरण, दोन्ही मिळून स्टार्चची रचना बदलते. तोच आंबलेला स्टार्च उन्हाऐवजी ओव्हनमध्ये वाळवला, तर पाव तेवढा फुगत नाही, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणजे 'उन्हात वाळवलेला' हा शब्द रेसिपीत शोभेला नाही, तो व्हेरिएबल आहे. 'साबुदाण्याचं पीठ चालेल' असं सुचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपला साबुदाणाही कसाव्याचाच, पण त्याचे दाणे भाजलेले किंवा वाफवलेले असतात. स्टार्च आधीच अर्धवट शिजलेला असतो आणि आठवडेच्या आठवडे आंबवण्याचा टप्पा त्यात नसतो. वनस्पती एक असली तरी पदार्थ वेगळा.

आता इतिहास. तो ओव्हनमध्ये तपासता येत नाही. घटक पदार्थांवरून फक्त 'कधीपासून शक्य होतं' एवढंच कळतं. कसावा दक्षिण अमेरिकेतलाच. तो किसून, पिळून वापरण्याचं तंत्र पोर्तुगीज येण्याआधीच मूलनिवासींकडे होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइसमध्ये सोनं सापडलं आणि लोकांचे, गुलामांचे लोंढे तिकडे गेले. म्हणजे अठराव्या शतकात असा पाव होणं शक्य आहे. पण 'शक्य आहे' आणि 'झालं' यांच्यामधली उडी तो परिच्छेद पुराव्याशिवाय मारतो. दहा ठिकाणी तेच वाक्य दिसलं म्हणून दहा पुरावे होत नाहीत. एकमेकांकडून उचललेलं असेल तर तो एकच दावा दहा वेळा छापलेला असतो.

'लेखी पुरावा दिला नाही ना? मग टाका काढून,' असं एखादा कडक रेफरी म्हणेल. इथे माझा विरोध आहे. ब्राझीलमध्ये अधिकृत छापखाना सुरू झाला १८०८ मध्ये, पोर्तुगीज दरबार तिथे पळून आल्यावर. 'कोझिन्येरो इंपेरियाल' हे तिथलं पहिलं पाकपुस्तक मानतात, ते १८४० चं. गुलामगिरी संपली १८८८ मध्ये. पीठ मळणाऱ्या बहुतेक बायकांना लिहिता-वाचता येऊच दिलं गेलं नव्हतं. जिथे कागद तयार होण्याचीच सोय नव्हती, तिथे 'कागद सापडत नाही' यावरून काहीच सिद्ध होत नाही. फक्त छापील पुरावा मागितला, तर पाव करणारी बाई इतिहासातून जाते आणि तो लिहून काढणारा उरतो.

म्हणून त्या परिच्छेदावर माझा आक्षेप वेगळा आहे. गुलाम स्त्रियांना श्रेय दिलं हे चुकलं नाही, ते स्वस्तात दिलं हे चुकलं. एका वाक्यात त्यांना आणून 'गहू नव्हता म्हणून' एवढ्यावर बोळवण केली. कसावा हाताळायला ज्यांनी शिकवलं ते मूलनिवासी तर त्यात येतच नाहीत. घरांच्या मालमत्तेच्या याद्या, प्रवाशांची वर्णनं, घराण्यांतून तोंडी चालत आलेली माहिती हे सगळं बघण्याचे कष्ट कुठे दिसत नाहीत. पुराव्याची व्याप्तीही नीट वाचावी लागते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत मिनास जेराइसची चीज करण्याची पारंपरिक पद्धत आली. तो मान चीजच्या पद्धतीला आहे, पावाच्या जन्मकथेला नाही.

मी तो परिच्छेद असा लिहीन: 'कसाव्याचं तंत्र मूलनिवासींचं. मिनास जेराइसच्या स्वयंपाकघरांत अठराव्या शतकात गुलाम स्त्रियांच्या हातून हा पाव घडला असं सांगतात. काळ आणि घटक पाहता ते शक्य आहे.' तीन वाक्यं, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं.

तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त सायटेशन असलेला पेपर घ्या आणि त्याच्या पहिल्या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा: तपासलेलं, शक्य असलेलं की नुसतं ऐकलेलं. गाईडकडे जाण्याआधी एवढं केलंत, तरी लिटरेचर रिव्ह्यूची निम्मी लढाई जिंकलात.